गावची साय

माझ्या मामाला सगळा गाव पीठवाला म्हणतो. नवख्या माणसाला वाटतं, याची पिठाची गिरणी असणार. एकदा पलीकडच्या वस्तीतली एक नवी सून खरोखरच डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन मामाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जरा बारीक दळा हं, मागच्यासारखं भरड नको." मामीने तिला आधी पाणी दिलं, मग अंगणातला ट्रॅक्टर दाखवला. "आमच्याकडे फक्त माती दळून मिळते, बाई."

ते काही खोटं नव्हतं. मामाच्या ट्रॅक्टरमागे रोटर आहे. लोखंडी दांड्यावर वाकडी पाती बसवलेली, ती गरगर फिरतात आणि जमीन बारीक करत जातात. असे रोटर आजूबाजूला आणखीही होते, पण त्यांच्यामागे ढेकळं उरायची. मामाच्या मागे पीठ पडायचं. काम झालं की तो खाली उतरायचा, मूठभर माती उचलायचा आणि बोटांतून सोडायचा. त्यात गोटीएवढं ढेकूळ जरी हाताला लागलं तरी गडी परत चढून बसायचा. शेताचा मालक "अहो, पुरे" म्हणत राहायचा आणि मामा म्हणायचा, "ही फेरी माझ्याकडून."

मामाबद्दल मी चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग त्याच्यावर नाही. नक्की कोणावर आहे ते मला अजून धड ठरवता आलेलं नाही, आणि त्यामुळे तो आणखीच वाढतो. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा रडले नाही, भांडले.

ढेकळांशी मामाचं जुनं वैर. लहानपणी आजोबा त्याला लाकडी मोगरी देऊन शेतात सोडायचे, ढेकळं फोडायला. पायात काही नाही. उन्हाने ती ढेकळं विटेसारखी व्हायची आणि मोगरी उसळून नडगीवर बसायची. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, ते त्या वेळचं. पोरं खेळायला जायची आणि हा ढेकळांच्या मागे. माझी आई त्याची धाकटी बहीण, ती बांधावर बसून त्याला सोबत करायची आणि एखादं ढेकूळ फुटलं की टाळ्या वाजवायची. "देवाने माती अर्धवट करून सोडली," मामा म्हणायचा, "उरलेलं काम माझ्या गळ्यात बांधलं." मोठा झाल्यावर त्याने वाट्याला आलेली जमीन विकली आणि ट्रॅक्टर घेतला. गावभरची जमीन उलथणाऱ्या माणसाच्या नावावर स्वतःचा एक वाफासुद्धा नाही. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, "मला कशाला? सगळा गाव आहे की."

माझे वडील गेले तेव्हा आमचं शेत आईच्या एकटीच्या अंगावर आलं. लहानसंच शेत. वरच्या अंगाला विहीर, विहिरीपासून निघणारा पाट, आणि पाटाच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या सऱ्या. आई टोमॅटो लावायची, दर वर्षी टोमॅटोच. तेवढ्याशा जागेत धान्य पेरलं असतं तर आम्हा मायलेकींचं वर्ष निघालं नसतं. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. त्यातून उरलेल्या चिंध्यांनी आई टोमॅटोची झाडं काठ्यांना बांधायची. त्यामुळे आमचं शेत लांबूनही ओळखू यायचं. कोणाच्या तरी पोलक्याचा लाल, कोणाच्या परकराचा निळा, शाळेच्या गणवेशाचा खाकी, सगळं शेतात फडफडत असायचं. बायका रस्त्यावरून जाताना स्वतःचं कापड ओळखायच्या आणि हसायच्या.

आमचं शेत मामा फुकट करून द्यायचा आणि सगळ्यांत शेवटी करायचा. हे शेवटी करणं म्हणजे टाळणं नव्हे, उलटंच होतं. "गिऱ्हाइकांचं काम घाईचं असतं," तो म्हणायचा, "एकाचं चालू असताना दुसरा बांधावर येऊन खोकतो. बहिणीचं काम निवांत करायचं." गावातलं शेवटचं शेत आटोपलं की तो गाडी तशीच आमच्याकडे आणायचा. दिवसभर फेऱ्या मारायचा. एकदा उभ्या, एकदा आडव्या, मग मन भरेना म्हणून पुन्हा उभ्या. आई चहा घेऊन जायची आणि दोघं त्या पिठासारख्या मातीत पाय घालून बसायची. मामीला याचा थोडा हेवा वाटायचा, आणि ती तसं बोलूनही दाखवायची.

मग गाडी धुवायची. विहिरीजवळ दगडी फरशी आहे, तिच्यावर ट्रॅक्टर उभा करायचा, मोटर चालू करायची आणि नळीने सगळं स्वच्छ करायचं, कारण त्यानंतर गाडी पुढच्या हंगामापर्यंत आमच्याच गोठ्यात उभी असायची. पात्यांना चिकटलेला चिखल, टायरच्या खाचांत दाबून बसलेली माती, सगळं निघायचं आणि पाटाने शेतात जायचं. मामा मुद्दाम पाटातच सोडायचा. पहिल्या वर्षी आई म्हणाली होती की घाण पाणी बाहेर काढ, तेव्हा तो हसला होता.

"घाण काय म्हणतेस? गावातल्या एकूण एक शेताच्या वरवरची माती आहे ही. गावची साय आहे, साय! तुझ्यासाठी गोळा करून आणली."

"गावाला कळलं तर दोघांनाही बांधावर उभं करतील," आई म्हणाली.

तेव्हापासून तो त्यांचा ठरलेला विनोद झाला. गाडी फाटकातून आत येताना मामा ओरडायचा, "साय आलीय गं!" आणि आई नळी घेऊन म्हणायची, "आण रे दादा, साय आण!" पाण्याला जरा काळपटपणा आला की आईला बरं वाटायचं. काळी माती म्हणजे कसदार माती, एवढं आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यापलीकडचं कोणालाच नव्हतं.

रोग पहिल्यांदा दिसला तो कालव्याजवळच्या बटाटेवाल्याकडे. चांगली हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा उभी राहायची, माणसाला वाटायचं ऊन लागलं असेल. असं थोडे दिवस चालायचं आणि मग एका सकाळी ती उठायचीच नाहीत. पान पिवळं नाही, कुठे डाग नाही. जिवंत असल्यासारखी मरायची. पुढच्या हंगामात वांगीवाल्याकडे तेच झालं, मग मिरचीवालीकडे. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी कारणं होती. कोणी म्हणालं बियाणं खोटं, कोणी म्हणालं कालव्याचं पाणी वाईट. रोपवाटिकावाल्या बाईच्या दारात जाऊन दोघं-तिघं इतकं वाट्टेल ते बोलून आले की ती बिचारी महिनाभर नातेवाइकांकडे जाऊन राहिली. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं.

मामालाही विचारलं लोकांनी. मातीचं कळतं ते त्याला, असा सगळ्यांचा समज. मामाने विचार केला आणि म्हणाला, "माती भरड राहिली असेल. मुळाला वाट मिळत नसेल. यंदा दोन फेऱ्या जास्त मारू." लोकांना ते पटलं. त्याने प्रत्येकाकडे दोन फेऱ्या जास्त मारल्या, त्या वाढीव फेऱ्यांचं काही घेतलं नाही, आणि शेवटी निवांत होऊन आमच्याकडे आला.

त्या वर्षी आमचे टोमॅटो फुलावर आले तेव्हा आई दुपारचा चहा घेऊन शेतात गेली आणि कप तसाच परत घेऊन आली. मी मशीनवर होते. "जरा बघायला येतेस?" एवढंच म्हणाली. विहिरीजवळच्या पहिल्या सरीत चार-पाच झाडं काठीवर लोंबत होती. चिंधीने बांधलेली होती म्हणून पडली नव्हती, एवढंच. आई म्हणाली, ऊन असेल. मी म्हटलं, हो, ऊनच. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होतो.

पुढच्या दिवसांत ते पाटाच्या कडेने खाली सरकत गेलं. पाणी जिथून जिथून जाईल तिथून. फक्त गोठ्यामागचा कोपरा उभा होता. तिथे भिंत आडवी येते, ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून आई तेवढा तुकडा फावड्याने करायची आणि गोठ्यातलं शेण, चिंचोळ्या वाटेवरचा पालापाचोळा, स्वयंपाकघरातला सगळा कचरा वर्षानुवर्षं तिथेच टाकायची. पाटही तिथवर जात नव्हता, त्या झाडांना ती बादलीने पाणी घालायची. मामा त्या कोपऱ्याची नेहमी थट्टा करायचा. "एवढा शेतावर डाग राहिला बघ. भिंत पाड, चकाचक करून देतो."

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन आरडाओरडा केला. त्यासाठी मला विशेष कष्ट पडत नाहीत. तिथून एक माती तपासणारी बाई स्कूटरवरून आली, माझ्याहून वयाने लहान, टोपी काढली तर केस घामाने डोक्याला चिकटलेले. ती शेतभर फिरली, बरंच काही उपटून पाहिलं आणि म्हणाली, "एक काचेचा पेला द्या. आणि स्वच्छ पाणी."

आईने पाहुण्यांचा पेला काढला. मामाही तेव्हा आमच्याकडेच आला होता, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्या बाईने टोमॅटोचं एक खोड तिरकं कापलं आणि कापलेलं टोक पाण्यात बुडवून धरलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या टोकातून एक पांढरा धागा निघाला, दुधासारखा, आणि हळूहळू पेल्याच्या तळाशी उतरायला लागला. मग दुसरा.

"मर रोग आहे," ती म्हणाली. "जिवाणूंचा. ते खोडात भरून बसतात, पाणी वर चढू देत नाहीत. मातीत राहतात."

"औषध कोणतं मारायचं?" आईने विचारलं.

"औषध नाही."

"महागडं असलं तरी सांगा."

"महागडंही नाही, ताई. खरंच नाही. असतं तर मी सांगितलं नसतं का?" तिचा आवाज जरा चिरका झाला. मला वाटतं, ती हे घरोघरी सांगत फिरत होती आणि तिला त्याचा कंटाळा नाही, भीती वाटायला लागली होती. मग तिने मला विचारलं, "सुरुवात कुठून झाली?"

"विहिरीपासून," मी म्हटलं. "पाटाच्या कडेने."

मामाने कप खाली ठेवला. "बाई," तो म्हणाला, "हे एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं का? म्हणजे, चाकाला बिकाला लागून?"

"जातं की. चाकाला, फावड्याला, चपलेला. माती जिथे जाईल तिथे जातं, आणि पाण्याबरोबर तर पळतंच." तो कोण आहे, काय करतो, तिला माहीत नव्हतं. ती आपली सरळ सांगत होती. "आणि जमीन अशी दमलेली असली की त्याला रान मोकळं मिळतं. तुमच्याकडे वर नुसती भुकटी आहे. मातीत राहणारे चांगले जीव असतात ना, त्यांना खायलाच काही उरलेलं नाही, मग या रोगाला अडवणार कोण? खाली थर घट्ट झालाय. वर्षानुवर्षं रोटर तेवढ्याच खोलीवर फिरतो आणि त्याच्या खालची जमीन दाबत जातो. पाणी तिथे तुंबतं, मुळं त्यात कुजतात. गोठ्यामागे बघा, ती झाडं उभी आहेत."

आईने मामाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. तो बाहेर गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्याने गोठ्यातली लोखंडी सळई घेतली, सरीत उभी केली आणि दाबली. वीतभर लोण्यात गेल्यासारखी गेली आणि थांबली. त्याने जोर लावला. मग पुढच्या सरीत गेला, तिथेही तेच, तिच्या पुढच्या सरीत तेच. शेवटी तो गोठ्यामागे गेला. तिथे सळई हातभर आत गेली आणि मामा तोल जाऊन पुढे पडता पडता वाचला. तिथेच खाली बसला.

ती बाई निघताना म्हणाली की पेल्यातलं पाणी शेतात टाकू नका, उकळा आणि मग ओता. आईने ते मन लावून केलं. शेतभर जे पसरलं होतं ते पेलाभर उकळून काय होणार होतं? पण ती चुलीसमोर उभी राहून त्या पाण्याला चांगली उकळी येईपर्यंत हलली नाही.

मामा आत आला. "मीच आणलं," तो म्हणाला. "गावभर फिरून आणलं आणि तुझ्या विहिरीवर धुतलं. दर वर्षी."

"नळी तर मी धरायचे, दादा."

"सगळ्यांत शेवटी यायचो. म्हणजे सगळ्यांचं घेऊन यायचो."

आईने चूल विझवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला काय बोलणार?

त्या बाईने एक गोष्ट मात्र सांगून ठेवली होती, आणि आईने ती पदराला गाठ मारावी तशी धरून ठेवली. काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीही लावायचं नाही. मका लावा, धान्य लावा. रोटर बंद. शेणखत, पालापाचोळा घाला. आणि बाहेरची माती कणभरही आत येऊ द्यायची नाही. मग रोग कमी होईल. "जाईलच असं नाही सांगत मी," ती म्हणाली होती, "पण कमी होईल. नवीन आलं नाही तर."

तेवढ्या 'तर'वर आई उठली. मेलेली झाडं आम्ही उपटून जाळली. चिंध्या सोडवत बसलो नाही, त्याही जळाल्या. मका लावला. आई सकाळी रस्त्यावरचा पालापाचोळा गोळा करायची आणि दुपारी पॅकिंग शेडमध्ये कामाला जायची, टोमॅटो निवडायला. दुसऱ्यांच्या टोमॅटोंमधले डागाळलेले बाजूला काढायचे आणि चांगले खोक्यात भरायचे. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा हाताला तोच वास होता, पानांचा तो हिरवा, उग्र वास. तिने हात बराच वेळ धुतले. मी फाटकात चुन्याची रेघ ओढली आणि आल्यागेल्याला चपला बाहेर काढायला लावायला लागले. पोस्टमनने मला वेडी म्हटलं. म्हणू दे.

मामा घरोघर गेला. हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. बोलणारा माणूस तो नव्हेच, तो फेऱ्या मारणारा माणूस. पण गेला आणि प्रत्येकाला सांगितलं की रोग माझ्या पात्यांनी फिरवला. रोटर मारू नका, जमिनीला खायला घाला, एकाच जागी तेच तेच पीक घेऊ नका. कोणी हसलं. बटाटेवाला म्हणाला, "अरे पीठवाल्या, गिरणीवालाच दळू नका म्हणायला लागला तर गिऱ्हाइकाने करायचं काय?" मिरचीवाली हसली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. वांगीवाला तर अंगावर धावून आला. तो मला जास्त प्रामाणिक वाटला. पण तोच पुढच्या आठवड्यात शेत करून दे म्हणायला आला. मामाने नाही म्हटलं, तर त्याने बाहेरगावचा ट्रॅक्टर बोलावला. त्याच्या पात्यांना कुठकुठली माती होती देव जाणे. तो सरळ शेतात शिरला आणि निघताना तसाच पुढच्या गावाला गेला.

मामाने ते रस्त्यावर उभं राहून बघितलं. त्या रात्री तो जेवला नाही, असं मामी सांगत होती. सकाळी म्हणाला, "मी नाही केलं तर तो करतो. मी निदान धुऊन करीन."

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात लोक. पण झोपा करायलाही जागा लागते. प्रत्येक शेतानंतर गाडी धुवायची म्हटली तर ते पाणी जाणार कुठे? त्या माती तपासणाऱ्या बाईने सांगितलं होतं की जिथे यांतलं काही पिकत नाही तिथेच सोडा. ज्याचं शेत केलं तो म्हणायचा, माझ्या बांधावर नको. रस्त्यावर धुतलं तर पाणी गटारातून कालव्यात जाणार आणि कालवा सगळ्यांना पाजणार. गाड्या धुवायच्या दुकानातलं पाणीही त्याच गटारात जातं. मामाच्या घरापुढे चिंचोळी गल्ली, उताराला शेजारणीचा मिरच्यांचा वाफा. मग तो बसून खुरप्याने पाती खरवडायला लागला. माती पोत्यांत भरायला लागला. पोती अंगणात रचली, अंगण भरलं तेव्हा जिन्याखाली, मग मोरीच्या दाराशी. मामी म्हणाली, "आयुष्यभर जमीन घेतली नाही, आता घरात आणून साठवतोय." ती हसायला गेली आणि मधेच थांबली. आणि खरवडून सगळं निघत नाही. पात्याच्या बुडाशी, नटाच्या खाचेत राहतंच. मामा खिळा घेऊन ते कोरत बसायचा. डोळ्यांना दिसेना तेव्हा बोटाने चाचपून कोरायचा.

आई एक दिवस शेडवरून परस्पर त्याच्याकडे गेली. मीही होते. ती पोती बघत अंगणात उभी राहिली. मामा पायरीवर बसून खिळ्याने काहीतरी कोरत होता, तिच्याकडे वर बघत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "उद्यापासून गाडी माझ्याकडे धुवायला आण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मामालाही तसंच वाटलं असावं. "काय बोलतेस तू?"

"विहीर आहे, फरशी आहे. आणि ते पाणी माझ्या शेताच्या बाहेर जात नाही. तिथे आहेच ते. आणखी काय व्हायचं आहे?"

मी मग जे भांडले ते गल्लीने ऐकलं. आई, तुला कळतंय का, जमीन सुधारतेय. परवा मक्याच्या बुडाशी गांडूळ निघालं, तूच मला हाक मारून दाखवलंस. नवीन आलं नाही तर कमी होईल, असं ती म्हणाली होती. तू रोज नवीन आणून ओतायला निघालीस. मग ती जमीन आपल्या हयातीत नीट होणार नाही. तुला परत टोमॅटो लावायचेत ना? का जन्मभर दुसऱ्यांचे निवडत बसणार आहेस?

"लावायचेत," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "मला लावायचेच आहेत. पण त्याने काय करायचं, तू सांग. गाडी बंद केली तर तो दुसरा येतो. चालू ठेवली तर धुवायला जागा नाही. उरलेल्यांची शेतं अजून चांगली आहेत. तू सांग ना. तुला सगळं येतं."

  तिला काय सांगायचं ते मला अजूनही सापडलेलं नाही. मी त्या माती तपासणाऱ्या बाईलाही जाऊन विचारलं. ती टेबलावरचा पेन फिरवत म्हणाली, "शेत तुमच्या आईचं आहे. त्यांना नको म्हणा असं मी सांगायला हवं." आणि तेही तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाचा ट्रॅक्टर आला. पात्यांना ओला चिखल लटकत होता, टायर काळे झाले होते. तो फाटकाशी, माझ्या चुन्याच्या रेघेपाशी थांबला आणि इंजिन तसंच चालू ठेवून बसून राहिला. पुढेही येईना, मागेही जाईना. आई घरातून बाहेर गेली, तिने फाटक पूर्ण उघडलं आणि बाजूला सरून उभी राहिली.

"आण रे दादा," ती म्हणाली. "साय आण."

तिने ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती जुन्या सवयीने, जशी दर वर्षी म्हणायची तशी बोलून गेली, आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं. मामाने गाडी फरशीवर आणली आणि इंजिन बंद केलं. त्याला खाली उतरता येईना. स्टीअरिंगच्या चाकावर डोकं टेकून तो रडत होता, लहान मुलासारखा, नाक ओढत. आईने मोटर चालू केली, नळी घेतली आणि पाती धुवायला लागली. वरून खाली, पात्यामागून पातं, नटाच्या खाचांत नीट धार धरून, काही राहू नये म्हणून. मका अजून पोटरीएवढाच होता. काळं पाणी पाटात उतरलं आणि सऱ्यांकडे निघालं.

गोठ्यामागच्या कोपऱ्यात आईची शेवटची टोमॅटोची झाडं उभी होती, माझ्या चिंध्यांनी बांधलेली. ती उपटायला तिने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पाट तिकडे जात नाही, पण त्या दिवशी इतकं पाणी सुटलं की ते काठावरून सांडलं आणि भिंतीच्या कडेने तिकडे वळायला लागलं. मी फावडं घेऊन धावले. सरीतल्या मातीचा बांध घातला, तो हाताने थापला, पायाने दाबला. ती सगळी पिठासारखी माती, पाणी लागलं की विरघळून जायची. मी घालत होते आणि ती वाहून जात होती, आणि आई नळी बंद करू शकत नव्हती, कारण अजून एक टायर धुवायचा राहिला होता.